केल्म्स्कॉटचे घर

इंग्लंडातील ‘मॅनर’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खंदक, उंच मनोरे आणि शिकारी कुत्री उभी राहतात. वस्तुतः हा शब्द इमारतीचा नव्हे, हक्काचा आहे. आपल्याकडील इनामदारासारखा एक धनी, त्याच्या शिवारातील कुळे आणि त्याचे स्वतःचे न्यायासन, एवढ्या सर्वांस मिळून कायद्यात मॅनर म्हणत. धन्याचे घर हे त्या हक्काचे केवळ ठाणे होय.

ऑक्सफर्डशायर परगण्यात, टेम्स नदीच्या वरच्या अंगास, केल्म्स्कॉट नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील मॅनर आज जगप्रसिद्ध असले, तरी १६०० च्या सुमारास टर्नर आडनावाच्या शेतकऱ्याने ते बांधले तेव्हा ते मॅनर नव्हतेच. अडीच शतके ते सुखवस्तु कुणब्याचे घर होते. १८६४ साली त्याच घराण्यातील जेम्स टर्नर याने मॅनरचे हक्क खरेदी केले आणि भिंतीचा एकही दगड न हलता घराची पदवी वाढली! दस्तऐवजांत आयुष्य घालविणाऱ्या आम्हांस याची मोठी गंमत वाटते.

घर मात्र पदवीची वाट पाहत बसलेले नव्हते. भिंती त्या प्रांतातील चुनखडीच्या ओबडधोबड दगडांच्या. वर जाता जाता त्या किंचित मागे कललेल्या आहेत. त्रिकोणी शिखरभिंती, दगडी उभ्या पट्ट्यांनी विभागलेल्या खिडक्या, आणि शेजारी कोठारे व गोठे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात टर्नरांची भरभराट झाली, तेव्हा त्यांनी ईशान्येस नवा भाग जोडला, शेकोटीवर आपले कुलचिन्ह कोरविले, आणि वरच्या खिडक्यांवर रोमन धाटणीचे इवलेसे त्रिकोणी मुकुट बसविले. खेड्यातल्या गवंड्याने ऐकीव माहितीवर केलेली ही नागर नक्कल थोडी बेंगरूळ आहे, आणि आम्हांस ती त्यामुळेच आवडते.

परंतु खरे पाहावे ते छप्पर. ते कौलांचे नाही, दगडी फरशांचे आहे. ऑक्सफर्डशायरात स्टोन्सफील्डसारख्या ठिकाणी खाणीतील दगड हिवाळ्यात ओला ठेवून उघड्यावर टाकीत. त्यातील पाणी गोठून फुगे व दगडाचे आपोआप पापुद्रे सुटत. वळचणीला सर्वांत मोठ्या फरश्या, नंतर ओळीओळीने लहान, आणि आढ्याशी अगदी चिमुकल्या, अशी मांडणी असे. यात दुहेरी शहाणपण आहे. खाणीतून निघालेला लहानमोठा सर्व माल उपयोगी पडतो, आणि छपराचे सर्व पाणी जेथे गोळा होते त्या वळचणीशी सांधे कमी राहतात. माशाच्या खवल्यांसारखे दिसणारे हे सौंदर्य कोणी योजून आणलेले नाही. ते काटकसरीतून आले आहे.

१८७१ साली विल्यम मॉरिस हा कवी व कारागीर आपला चित्रकार मित्र रोसेटी याच्यासह या घरात भाडेकरू म्हणून आला. रोसेटी १८७४ मध्ये निघून गेला. मॉरिस १८९६ मध्ये मरेपर्यंत भाडेकरूच राहिला. त्या काळी इंग्लंडात जुन्या देवळांच्या ‘पुनरुद्धारा’ची लाट आली होती. गिलावे खरवडायचे, मागाहूनची कामे पाडायची आणि तेराव्या शतकातील वाटावे असे नवे देऊळ उभे करायचे. याविरुद्ध मॉरिसने १८७७ साली प्राचीन इमारतींच्या संरक्षणाची संस्था काढली. तिचे म्हणणे साधे होते: नित्य डागडुजी करा, गळती थांबवा, टेकू द्या, पण जुन्याच्या जागी जुन्याचे सोंग बसवू नका.

तो विचार आपल्यापर्यंतही पोहोचला आहे. आपल्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ साली जतनकार्याची जी नियमपुस्तिका काढली, तिचाही कौल नूतनीकरणापेक्षा जतनाकडेच आहे. एका देवस्थानच्या सभेत सागवानी कोरीव खांब काढून गुळगुळीत ग्रॅनाइट बसविण्याचा ठराव आमच्या डोळ्यांदेखत पाच मिनिटांत संमत झाला. आम्हीही तेव्हा गप्प बसलो. देऊळ हे पदार्थसंग्रहालय नव्हे, तेथे देव नांदतो आणि जीर्णोद्धारास शास्त्राची संमती आहे, हा महाजनांचा युक्तिवाद खोटा नव्हता. तथापि त्या खांबांना वाळवी लागली होती की नाही, एवढेही कोणी विचारले नाही. पुढे केल्म्स्कॉटविषयी वाचताना ते खांब आम्हांस वारंवार आठवत राहिले.

मॉरिसच्या पश्चात त्याच्या पत्नीने १९१३ मध्ये घर विकत घेतले. कन्या मे हिने ते आहे तसे राखण्याच्या इच्छेने ऑक्सफर्ड विद्यापीठास लिहून दिले व १९३८ मध्ये ती वारली. विद्यापीठाला तो भार पेलवेना. अखेर १९६२ साली, मृत्युपत्रातील शेष मिळकतीची धनी म्हणून, सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या संस्थेकडे ते घर आले. तिने त्याची मोठी दुरुस्ती केली आणि आजही तीच त्याची सांभाळणूक करते.

गावच्या चर्चच्या आवारात मॉरिसची समाधी आहे. त्याचा मित्र फिलिप वेब या वास्तुशिल्पज्ञाने तिचा दगड घडविला. तो उभा नाही, आडवा आहे, आणि त्याचा आकार दोन्ही अंगांनी उतरत्या छपरासारखा आहे.