पासवर्डमधले मीठ

संगणकाचा पासवर्ड अमेरिकेतील एमआयटीत रुळला. १९६१ साली फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने तिथे सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एकाच यंत्रावर अनेकजण काम करू लागले, तेव्हा ज्याच्या त्याच्या फायली वेगळ्या राखायला पासवर्ड आला. सगळे पासवर्ड एकाच फाइलमध्ये, जसेच्या तसे लिहिलेले असत. १९६६ मध्ये एक व्यवस्थापक ती फाइल दुरुस्त करत होता आणि दुसरा लॉगिन करताच दिसणारा रोजचा निरोप लिहीत होता. एडिटरमधल्या चुकीने दोघांच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली. मग जो कोणी लॉगिन करील त्याच्या टर्मिनलवर निरोपाऐवजी सर्वांचे पासवर्ड छापून येऊ लागले.

केंब्रिजमध्ये रॉजर नीडहॅम यांनी मुळालाच हात घातला: यंत्राने पासवर्ड ठेवायचाच कशाला? एकेरी गणितातून निघालेला हॅश तेवढा ठेवावा आणि लॉगिनच्या वेळी तेच गणित पुन्हा करून ताडून पाहावे. हॅशवरून मूळ शब्दाकडे परतण्याची वाट नसते.

अंदाज बांधणाऱ्याला मात्र परतावे लागतच नाही. तो शब्दकोशातला एकेक शब्द हॅश करून पाहतो. बेल लॅब्समधील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले, तेव्हा ८६ टक्के सहज सापडण्याजोगे निघाले. १९७९ च्या त्यांच्या निबंधात यावरचे उपाय आहेत. युनिक्स या कार्यप्रणालीत डीईएस या गूढलेखन पद्धतीचे गणित २५ वेळा फिरवून मुद्दाम संथ केले गेले आणि प्रत्येक पासवर्डात सॉल्ट, म्हणजे यादृच्छिक अंकांची चिमूट, मिसळली गेली. सॉल्ट ४,०९६ प्रकारचे असे आणि हॅशशेजारी उघडेच लिहिलेले असे. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश सहसा वेगळे दिसत आणि आधीच तयार केलेला एकच तक्ता सर्वांना लावता येत नसे. इतकी साधी आणि इतकी टिकाऊ युक्ती या क्षेत्रात दुर्मीळच.

यंत्रे वेगवान झाली तसा हा संथपणा अपुरा पडला. १९९९ मध्ये नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी बीक्रिप्ट हे नवे हॅश-गणित मांडले. त्यात गणिताची मेहनत हवी तशी वाढवता येते. तरीही २००९ मध्ये रॉकयू या संकेतस्थळाच्या डेटाबेसमधून ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले, तेही उघड्या अक्षरांत. सीटीएसएसची चूक चार दशकांनंतर वेबवर पुन्हा झाली.

जुन्या युनिक्सच्या एका फाइलमध्ये खुद्द थॉम्प्सन यांचा हॅश राहून गेला होता. २०१९ मध्ये तो उलगडायला आधुनिक ग्राफिक्स कार्डाला चार दिवसांहून अधिक लागले. आत आठ अक्षरांत बुद्धिबळाची चाल निघाली: वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे.