चक्रीय अर्थव्यवस्था : खानदेशातील स्वरूप

चक्रीय अर्थव्यवस्था : वस्तू, कच्चा माल आणि पोषकद्रव्ये शक्य तितका काळ वापरात राहावीत, एका प्रक्रियेत उरलेला पदार्थ दुसऱ्या प्रक्रियेचा कच्चा माल व्हावा आणि जमिनीतून घेतलेले जमिनीला परत मिळावे, अशा रीतीने उत्पादन व उपभोग यांची आखणी करणारी आर्थिक पद्धत. खनिज काढायचे, वस्तू बनवायची, वापरायची आणि टाकून द्यायची, या प्रचलित रीतीला एकरेषीय अर्थव्यवस्था म्हणतात. तिच्यात एका टोकाला साधनसंपत्ती आटत जाते आणि दुसऱ्या टोकाला कचरा साचत जातो. चक्रीय पद्धतीत ही दोन टोके जोडण्याचा प्रयत्न असतो.

संकल्पनेचा उगम : अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ केनेथ बोल्डिंग यांनी १९६६ मध्ये पृथ्वी ही मर्यादित शिधा असलेली बंदिस्त व्यवस्था आहे, असा विचार मांडला. वॉल्टर स्टाहेल व जेनेव्हीव्ह रेडे यांनी १९७६ मध्ये युरोपीय आयोगासाठी केलेल्या अहवालात, नवी वस्तू बनवण्याऐवजी जुनी दुरुस्त केल्यास ऊर्जा वाचते आणि माणसांना काम मिळते, असे दाखवले. डेव्हिड पीअर्स व केरी टर्नर यांच्या १९९० च्या ग्रंथामुळे ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ ही संज्ञा अर्थशास्त्रात रुळली. चीनमध्ये या विषयावरचा कायदा १ जानेवारी २००९ पासून लागू झाला. युरोपीय संघाने २०१५ मध्ये पहिला कृती आराखडा जाहीर केला. भारतात जे. सी. कुमारप्पा यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ (१९४५) या पुस्तकात निसर्गचक्राला धरून चालणाऱ्या ग्रामीण अर्थव्यवस्थेची मांडणी बोल्डिंग यांच्याही आधी केली होती. नीती आयोगाच्या पुढाकाराने २०२१ मध्ये निरनिराळ्या प्रकारच्या कचऱ्यासाठी ११ समित्या नेमण्यात आल्या.

या पद्धतीत दोन चक्रे मानतात. शेतमाल, शेण, पालापाचोळा यांसारखे कुजणारे पदार्थ जैविक चक्रात येतात. धातू, प्लास्टिक, यंत्रे ही तांत्रिक चक्रात. तांत्रिक चक्रात क्रमही महत्त्वाचा असतो. वापर कमी करणे, वस्तू पुन्हा वापरणे, दुरुस्त करणे, तिचे सुटे भाग काढून नवी वस्तू उभी करणे आणि शेवटी वितळवून पुनर्प्रक्रिया करणे, अशा पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर वस्तूचे मूल्य अधिक टिकते. वितळवणे हा शेवटचा उपाय होय.

खानदेशची पार्श्वभूमी : जळगाव व धुळे हे जिल्हे १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पाडल्यावर आकाराला आले, धुळ्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. तापी, गिरणा व पांझरा यांच्या खोऱ्यांतील या प्रदेशात कापूस, केळी, कडधान्ये आणि त्यांवर चालणारे जिनिंग, तेलघाणे, डाळमिल व फळप्रक्रिया असे उद्योग आहेत. त्यामुळे येथील चक्रीय व्यवहार मुख्यतः शेतीतून निघणाऱ्या उपपदार्थांचा आहे.

कापूस : चक्र जवळपास पूर्ण झाल्याचे हे जुने उदाहरण. जिनिंगमध्ये कापसाच्या वजनापैकी सुमारे एक तृतीयांश रुई निघते, उरते ती सरकी. सरकीच्या अंगावरचा आखूड तंतू कागदासारख्या उद्योगांना जातो, दाण्यातून तेल निघते आणि ढेप दुभत्या जनावरांपुढे पडते. जनावरांचे शेण शेणखत होऊन शेतात परतते. यासाठी कोणतीही योजना आखावी लागली नाही, कारण प्रत्येक टप्प्यावर गिऱ्हाईक होते.

पऱ्हाटीचे तसे नाही. वेचणी संपल्यावर हेक्टरी दोन-तीन टन वाळकी झाडे शेतात उभी राहतात. पूर्वी ती चुलीला लागत. घरोघरी गॅस आल्यावर ती मागणी घटली आणि शेतातच पेटवून देण्याची प्रथा वाढली. पऱ्हाटीचा भुसा दाबून केलेल्या ब्रिकेट, म्हणजेच ‘पांढरा कोळसा’, बॉयलरमध्ये दगडी कोळशाऐवजी वापरता येतात. मुंबईतील माटुंगा येथील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्र विकसित केले आहे. येथे एक अडचण कीडनियंत्रणाची आहे. गुलाबी बोंडअळी उरलेल्या बोंडांत मुक्काम करते. म्हणून पऱ्हाटीचे ढीग बांधावर महिनोन्‌महिने ठेवणे धोक्याचे असते. ती हंगाम संपताच उपटून लगेच कुट्टी करून गाडावी किंवा कारखान्याकडे न्यावी लागते.

केळी : रावेर, यावल व चोपडा हे तालुके म्हणजे जळगावचा केळीपट्टा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केळीचे झाड एकदाच फळते. घड कापला की खोडाचे काम संपते आणि बुंध्यातले पील वाढून खोडवा धरतो. दीड मीटर अंतराने लावलेल्या बागेत हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात आणि कापणीनंतर सुमारे ६० ते ८० टन ओले खोड उरते. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. हे खोड बांधावर किंवा नाल्यात टाकण्यासाठी शेतकऱ्याला मजुरीही द्यावी लागते.

खोडापासून धागा काढण्याची रीत अशी : खोड उभे चिरून त्याची सोपटे सोडवतात. एकेक सोपट फिरत्या बोथट पात्यांच्या यंत्रात धरले की गर खरवडून पडतो, रस खाली गळतो आणि हाती ओला पांढुरका धागा राहतो. तो धुऊन दोरीवर वाळवतात. शंभर किलो खोडातून धागा जेमतेम किलोभर किंवा त्याहून कमी मिळतो. त्यामुळे केवळ धाग्यावर हा धंदा परवडणे अवघड. गुजरातेतील नवसारी कृषी विद्यापीठाने यावर संपूर्ण खोडाच्या वापराचा मार्ग धरला. धागा कापड, कागद व हस्तकलेसाठी, गर गांडूळखतासाठी, रस द्रवखतासाठी आणि आतला गाभा कँडीसाठी, अशी ती विभागणी आहे. केळी हे पालाशची मोठी भूक असलेले पीक असल्याने खोडातील पालाश शेतात परत जाणे हाही मोठा लाभ. धाग्याचे यंत्र नसले तरी कुट्टी करून बागेतच आच्छादन केल्यास तो साधतो. मात्र करपा पडलेली पाने आणि कुकुंबर मोझॅक विषाणूची बाधा झालेली झाडे याला अपवाद आहेत. ती बागेबाहेर काढून नष्टच करावी लागतात.

डाळ व फळप्रक्रिया : जळगावच्या डाळमिलमध्ये तूर, हरभरा, मूग, उडीद भरडल्यावर निघणारी टरफले व चुनी पशुखाद्यात जातात. फळप्रक्रियेत आंब्याच्या साली व कोयी, कांद्याचा पाला असा ओला कचरा हंगामात एकदम निघतो आणि दोन दिवसांत सडू लागतो. जैन इरिगेशनच्या जळगाव येथील प्रकल्पात अशा कचऱ्यापासून बायोगॅस करून सुमारे १.७ मेगावॉट क्षमतेची वीजनिर्मिती उभारण्यात आली. उरलेली मळी खत म्हणून वापरता येते. जुना कारखाना नव्या कामाला लावण्याचे उदाहरणही याच उद्योगाच्या इतिहासात आहे. त्याचे संस्थापक भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी १९७८ मध्ये बंद पडत आलेला केळी भुकटीचा कारखाना विकत घेतला आणि त्याच यंत्रसामग्रीत फेरबदल करून पपईच्या चिकापासून पपेन बनवण्यास सुरुवात केली.

प्लास्टिक : जळगावची औद्योगिक वसाहत प्लास्टिक चटया व पाइप यांसाठी ओळखली जाते. भंगारवाले गोळा करतात ते प्लास्टिक वर्गवारी, धुलाई व ग्राइंडिंग होऊन ‘दाणा’ म्हणून पुन्हा बाजारात येते आणि कमी प्रतीच्या मालात खपते. ठिबकच्या जुन्या नळ्यांनाही असाच भाव मिळतो. आच्छादनाचा पातळ प्लास्टिक कागद आणि केळीच्या घडांवर घालायच्या स्कर्टिंग बॅगा मात्र मातीने माखलेल्या, वजनाला हलक्या आणि विखुरलेल्या असल्याने भंगारात कोणी घेत नाही; बहुधा त्या बांधावर जळतात. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ चे आहेत. प्लास्टिक वेष्टने परत गोळा करण्याची उत्पादकांची जबाबदारी २०२२ च्या दुरुस्तीने तपशीलवार ठरवली गेली.

राख : भुसावळजवळील दीपनगर औष्णिक वीजकेंद्रात दगडी कोळसा जळतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, ३० ते ४० टक्क्यांच्या घरात असते. ही राख सिमेंट, विटा व रस्त्यांच्या भरावात वापरता येते. राखेच्या वापराबाबत केंद्राची पहिली अधिसूचना १९९९ ची; २०२१ च्या अधिसूचनेने संपूर्ण राख वापरण्याचे बंधन वीजकेंद्रांवर घातले.

पाणी : धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीवरची फड पद्धती काही शतकांपूर्वीची आहे. बंधाऱ्यातून पाटाने आलेले पाणी गावाच्या सामाईक नियमांनी वाटले जाते, पाटकरी ते पाहतो आणि लाभक्षेत्राचे फड पाडून त्यांत पिके आळीपाळीने घेतात. वरच्या शेतांतून पाझरलेले पाणी नदीत उतरते व खालचा बंधारा ते पुन्हा अडवतो. वरच्या अंगाला धरणे झाल्यावर आणि विहिरी वाढल्यावर अनेक फड मोडले. साक्री तालुक्यातील बारीपाडा येथे चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली गावकऱ्यांनी १९९० च्या दशकापासून जंगल राखले, पाणी मुरवले. या कामासाठी पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मर्यादा : प्रत्येक पुनर्प्रक्रियेला ऊर्जा लागते आणि प्लास्टिक, कागद यांची प्रत दर फेरीत घटते, म्हणून पूर्ण बंद चक्र शक्य नाही. जागतिक पाहणी अहवालांनुसार अर्थव्यवस्थेत वापरल्या जाणाऱ्या एकूण पदार्थांपैकी पुनर्वापरातून आलेल्यांचा वाटा २०१८ मधील ९.१ टक्क्यांवरून २०२३ मध्ये ७.२ टक्क्यांवर आला. पुनर्वापर होत असूनही एकूण वापर त्याहून वेगाने वाढतो, हे त्याचे मुख्य कारण. भंगार वेचणाऱ्यांच्या आरोग्याचा व मोबदल्याचा प्रश्नही याच व्यवस्थेचा भाग आहे.

खानदेशात सरकी, चुनी व दाणा हे उपपदार्थ सुके, साठवता येणारे आणि जवळच विकले जाणारे असल्याने त्यांचे चक्र बाजारानेच पूर्ण केले. केळीचे खोड, पऱ्हाटी व शेतातील पातळ प्लास्टिक यांत वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा अधिक होतो. त्यामुळे या पदार्थांसाठी दूरच्या मोठ्या कारखान्यापेक्षा गावागटाच्या पातळीवरची लहान प्रक्रियाकेंद्रे आणि खोड व पऱ्हाटी यांची थेट शेतातच केलेली कुट्टी हेच अधिक व्यवहार्य उपाय ठरतात.