आर्वीची तबकडी

मराठीत दूरचित्रवाणीचा इतिहास लिहायचा म्हटले की लेखणी मुंबई केंद्राकडे वळते : २ ऑक्टोबर १९७२. परंतु त्याआधीच, १९७१ साली, जुन्नर तालुक्यात आर्वी येथे (तमाशाची पंढरी म्हणवणाऱ्या नारायणगावाच्या शेजारी) उपग्रह भूकेंद्र सुरू झाले होते. मुंबईच्या घरांत चित्र उमटण्यापूर्वी ते सातासमुद्रापलीकडून उतरवण्याची सोय एका खेड्यात झाली, हा क्रम गमतीचा खरा. पण अपघाताने आलेला नव्हे. अशा केंद्राला शहरी लहरींच्या गोंगाटापासून दूरची, डोंगरांच्या आडोशाची जागाच लागते.

सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या तत्कालीन इंटेलसॅट उपग्रहांची शक्ती तुटपुंजी. त्यांचा क्षीण संदेश वेचण्यासाठी आर्वीची तबकडी जवळजवळ ३० मीटर व्यासाची करावी लागली. पुढे केंद्राला विक्रम साराभाईंचे नाव मिळाले. उपग्रह सबळ होत गेले, तशी जमिनीवरची तबकडी आक्रसली. आज छपरावर दिसणारी ६० सेंटिमीटरची तबकडी क्षेत्रफळाने आर्वीच्या तबकडीचा अडीच हजारावा हिस्सा! आणि इंटरनेटवरून परदेशी चित्रे येतात ती बहुतांशी समुद्रतळाच्या काचतंतूंतून.

याच तालुक्यात खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तीही इथल्या शांततेसाठीच. मात्र तिला ऐकायचा असतो दूरच्या आकाशगंगांतील हायड्रोजन. माणसाचे प्रक्षेपण तिच्या लेखी निव्वळ अडथळा. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या कंप्रतांतच तिचा ६१० मेगाहर्ट्झचा पट्टा येतो. त्यात मोबाइलचे मनोरे आणि विजेच्या तारांची भर पडली, आणि तो गोंगाट गाळणे हे तिथल्या शास्त्रज्ञांचे नित्याचे काम होऊन बसले.