पंडिता रमाबाई : भुकेची ओळख असलेली श्रद्धा



दुःख आलं की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘देव परीक्षा बघतोय गं बाई.’ नवरा गेला, पीक गेलं, लेकरू दगावलं, काहीही होवो, वाक्य तेच. बोलणारीच्या मनात माया असते, पण ऐकणारीच्या पदरात काय पडतं? आमच्या गटांच्या बैठकांत हा विषय कितीदा निघतो. सोसल्यानं माणूस देवाच्या जवळ जातं का? का ते नुसतंच मोडतं? आज या प्रश्नासाठी आम्ही आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या एका बाईकडे जाणार आहोत. पुणे-सोलापूर रेल्वेवर दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं. तिथल्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामुळचा. ते ठिकाण आज कर्नाटकात येतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. मग आईनं लेकीला शिकवलं. घर असं नव्हतंच. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला जायचं, देवळात पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर राहायचं. वाडवडिलांचा पैसा होता, तोही दानधर्मात जात होता.

मग १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोण येणार? भांडी विकली, दागिने विकले, उपास केले, नवस केले. शेवटी रानातला पाला खाऊन दिवस काढले. रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवलंय, की पोथीपलीकडचं कुठलंच काम आम्हाला येत नव्हतं. हाताला धंदा नाही, आणि विद्वानाचं घर म्हणून मजुरी मागायची लाज. वडिलांनी तर जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. मुलगा म्हणाला, मी मजुरी करीन, तुम्ही असं करू नका, म्हणून ते थांबले. पण देहात काही उरलंच नव्हतं. थोड्याच दिवसांत ते गेले.

पाठोपाठ आई अंथरुणाला खिळली. तापात ती भाकरी मागत होती, बाजरीची. रमाबाई तेव्हा १६-१७ वर्षांच्या. शेजारच्या बाईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, पण तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यातलं पाणी त्यांनी जिवाच्या आकांतानं अडवून धरलं. त्या बाईनंच चेहरा ओळखला आणि विचारलं, काही खायला हवंय का? तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा. तो घेऊन पळत आईकडे आल्या. आईला खाण्याचीही शक्ती राहिली नव्हती.

आईची तिरडी उचलायला माणसं मिळेनात. दोघांना दया आली. ते दोघे, भाऊ आणि रमाबाई असे चार खांदे झाले. स्मशान तीनेक मैल लांब. रमाबाईंची उंची कमी, खांदा पोचेना, म्हणून त्यांनी आईची तिरडी डोक्यावर घेतली. मग थोरली बहीणही गेली.

आता सांगा, या मुलीला कोणी म्हटलं असतं की देव परीक्षा बघतोय, तर? खरं तर त्या घराची तीच समजूत होती. अजून एक उपास, अजून एक दान, अजून एक प्रदक्षिणा, मग देव पावेल. या दुःखानं रमाबाईंची श्रद्धा वाढली नाही, उडाली. भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी हजारो मैल फिरल्या. पंजाबात थंडीसाठी पांघरूण नव्हतं, तर झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून रात्र काढली. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचेपर्यंत जुन्या आचारावरचा विश्वास बराच संपला होता. तिथल्या पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मान मिळाला, पण मन रिकामं.

पुढचं जरा भरभर सांगतो. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा पटकीनं गेला. लेकीला घेऊन त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, सरकारच्या हंटर कमिशनसमोर बायकांसाठी स्त्री शिक्षक आणि स्त्री डॉक्टर हवेत असं ठणकावून सांगितलं. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गदारोळ झाला.

का घेतला असेल? इथं थोडं थांबू या. इंग्लंडात त्या वॉण्टेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहत होत्या. त्या भगिनींचं लंडनच्या फुलहॅम भागात एक घर होतं. समाजानं ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथं ठेवत, जपत, कामाला लावत. रमाबाईंना हे नवंच होतं. अशा बाईला शिक्षा द्यायची नाही, जवळ घ्यायचं? हे कशामुळे करता, असं त्यांनी विचारलं. तेव्हा त्यांना बायबलमधली शोमरोनी बाईची गोष्ट वाचायला मिळाली. ती आपल्याला लगेच कळेल, कारण ती विहिरीवरची आहे. भर दुपारी एक बाई एकटीच पाण्याला येते. जमात हलकी मानलेली, पाच नवरे होऊन गेलेले. विहिरीपाशी बसलेला येशू तिच्याकडे पाणी मागतो. हिच्या हातचं पाणी कसं प्यायचं, असं मनात आणत नाही. तिच्याशी देवाविषयी बोलतो, अगदी विद्वानाशी बोलावं तसं. रमाबाईंच्या मनाला हे जाऊन भिडलं.

पण धर्म बदलला म्हणून सगळं मिळालं, असं त्यांनी स्वतः कधी म्हटलं नाही, आणि त्यांचा हा खरेपणा आम्हाला फार मोलाचा वाटतो. त्यांनी लिहिलंय, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली तेव्हा त्यांना आतून शांती लाभली. मधल्या काळात इंग्लंडातल्या धर्मगुरूंशीही त्यांचे खटके उडाले. बिशपांनी सांगितलं, हिनं मुलग्यांना शिकवू नये. त्यांनी ऐकून घेतलं नाही. मांसाहार केला नाही, वेश बदलला नाही. एका घरातला जाच सोडून आलेली बाई दुसऱ्या घरातला जाच का सोसेल?

१८८६ मध्ये नात्यातल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि विधवांच्या शाळेसाठी तिथं पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. हिंदूच राहिल्या आणि कर्व्यांच्या आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागत फिरल्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘रमाबाई सगळ्यांना बाटवायच्या’ असं अजूनही ऐकू येतं.

१८९३ मध्ये वाद पेटलाच. रमाबाई रोज आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसत. पुण्याची वर्तमानपत्रं तुटून पडली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी पोरी काढून नेल्या. दार लावलं असतं तर वाद मिटला असता. त्यांनी लावलं नाही. पालकांची काळजी खोटी होती असं आम्ही म्हणणार नाही. सदन उघडताना धर्मात ढवळाढवळ होणार नाही असा शब्द होता, तेव्हा प्रश्न विचारणं रास्तच होतं. आमच्या गटात यावर दोन तट पडतात आणि पडोत.

मग आलं १८९६. पुन्हा दुष्काळ, या वेळी मध्य प्रांतात. बातम्या पुण्यात आल्या. रमाबाईंपुढे वीस वर्षांपूर्वीचं सगळं उभं राहिलं असणार. अशा वेळी माणूस नजर चुकवतं, कारण जुनी जखम उघडते. त्या मात्र थेट तिकडे गेल्या. सरकारी अन्नछत्रं आणि कामाच्या छावण्या पाहिल्या. हाडांचे सापळे झालेल्या पोरी होत्या आणि त्यांना फसवून नेणारे पुरुषही तिथंच टपलेले होते. रमाबाईंनी सुमारे ३०० बायका-मुली आपल्यासोबत आणल्या. नंतर या दौऱ्याविषयी लिहिताना स्वतःच्या घराच्या उपासमारीची कहाणीही त्यांनी जगाला सांगितली. दारात उभं राहून एक शब्द न बोलू शकलेली मुलगी आता हजारोंसाठी मागत होती. बोलू न शकणारीचा चेहरा ओळखायला ती त्या शेजारणीकडूनच शिकली असावी, असं आम्हाला वाटतं.

पुण्यात तेव्हा प्लेग होता. एवढ्या मुली गावात ठेवायला परवानगी नव्हती. केडगावला त्यांनी फळबागेसाठी जमीन घेतलेली होती, तिथं तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. १८९८ मध्ये मुक्ती सदन आकाराला आलं. १९०० च्या सुमाराला गुजरातेत दुष्काळ पडला, तिथूनही मुली आणल्या आणि संख्या दीड हजारावर गेली. शारदा सदनात सुरुवातीला वरच्या जातींच्या विधवा असत. इथं मात्र जातीचा प्रश्नच राहिला नाही. आंधळ्या, म्हाताऱ्या, फसवलेल्या, सगळ्या आल्या.

आणि तिथं चालायचं काय? प्रार्थना तर रोजचीच. पण माग होते, शिवणकाम होतं, गाईगुरं, तेलाचा घाणा, शेती, छापखाना होता. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवत. ज्या घरात पोथीशिवाय काही येत नव्हतं म्हणून माणसं भुकेनं मेली, त्या घरातली मुलगी हे सगळं उभं करत होती. भूक सोसण्यात पुण्य आहे असं केडगावात कोणी शिकवलं नाही. भुकेल्या बाईला आधी जेवू घालायचं आणि मग तिच्या हाताला काम द्यायचं. बचत गटात आपण शेळ्या, शिलाई, पापड यांचे हिशोब मांडतो, तेव्हा हे कोणाला परकं वाटू नये.

सोसणं त्यांचंही संपलं नव्हतं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, चाळिशीतच. आईचा सगळा कारभार तीच पुढे नेणार होती. गुलबर्ग्याला तिनं शाळाही काढली होती. रमाबाईंना ऐकू कमी येत होतं, तब्येत खालावली होती. तरी हातातलं काम त्यांनी सोडलं नाही. ते काम म्हणजे हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून सबंध बायबल मराठीत आणायचं. आधीची भाषांतरं होती, पण ती संस्कृत शब्दांनी जड झालेली. संस्कृतात पदवी मिळवलेल्या या बाईनं शेतातल्या, चुलीपुढच्या बाईला समजेल असं सोपं मराठी निवडलं. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी ही कामं केडगावच्याच बायका-मुली करत होत्या. त्यातल्या कितीतरी जणी दुष्काळातून आलेल्या, तिथं येईपर्यंत अक्षर न पाहिलेल्या.

५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. ते संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात, १९२४ मध्ये, केडगावहून बाहेर पडलं.