बदल्यात दुसरा परगणा

मी गेम खेळणाऱ्यांतला नाही. इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर रात्री लॅनवर काउंटर स्ट्राइक खेळायचो, तेवढाच अनुभव. २०२५च्या दिवाळीत गावी निघताना ऑफिसातल्या एका मित्राने फारच आग्रह केला, म्हणून लॅपटॉपवर 'फायनल फँटसी टॅक्टिक्स' घेतला. मूळ जपानी गेम १९९७चा, प्लेस्टेशनवरचा. त्याची नव्याने सजवलेली आवृत्ती त्याच सप्टेंबरच्या शेवटी आली होती. मित्र म्हणाला, "यात बटणं बडवायची नसतात. बसून विचार करायचा. आणि गोष्ट भारी आहे."

आमचं गाव पाथरी तालुक्यात. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने गावातलं सोयाबीन झोपलं होतं, त्यामुळे दिवाळी तशी गपगपच होती. त्यात बाबांनी विषय काढला. एसटीतून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशातून त्यांना दीड एकर घ्यायचं होतं. ते पुरत नव्हते, बाकीचे मी घालावेत अशी अपेक्षा. रान सखल, पाणी साचणारं, भाव चढा. मी लॅपटॉप उघडून एक्सेल शीट दाखवली. तेवढ्याच पैशात परभणीत प्लॉट येतो, दहा वर्षांत त्याचं काय होईल आणि या रानाचं काय होईल, सगळं मांडलेलं. बाबांनी शीट नीट बघितली आणि म्हणाले, "बरोबर हाय तुझं." आणि उठून गेले.

ते रान ज्यांचं, त्यांच्याकडे माझे आजोबा सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्याला संपायचं, परत ठरायचं. अशी तीसेक सालं.

मग चार दिवस मी गेम खेळलो.

*

पहिल्यांदाच खेळणाऱ्याला हा गेम बुद्धिबळासारखा वाटतो. चौकोनांचं मैदान, तुमचे पाच-सहा जण, समोर तेवढेच. पण इथल्या मैदानाला उंची आहे. डॉर्टर नावाच्या गावातली सुरुवातीचीच एक लढाई मी तीनदा हरलो, कारण शत्रूचे तिरंदाज घरांच्या माळवदांवर आणि मी खाली गल्लीत. खरं तर गढीच्या पायथ्याशी वाढलेल्या पोराला हे कुणी सांगायला नको होतं. शिवाय पडलेल्या माणसाच्या डोक्यावर तीन, दोन, एक असे आकडे मोजले जातात. तेवढ्यात उठवलं नाही तर तो कायमचा जातो. त्याच्याबरोबर तुम्ही त्याच्यावर घातलेले सगळे तासही.

मला खरी आवडली ती कामं बदलण्याची पद्धत. माणूस शिकाऊ शिपाई म्हणून सुरू होतो, मग तिरंदाज, भिक्षू, जादूगार असं काहीही होऊ शकतो, आणि एका कामात शिकलेलं कसब दुसऱ्या कामात नेतो. मेकॅनिकल शिकून कोडिंगच्या नोकरीत आलेल्या माझ्यासारख्याला हे लगेच पटलं. मैदानावर कुणाची जात-कुळी विचारली जात नाही. जो शिकला तो पुढे गेला.

गोष्ट मात्र नेमकं उलट सांगते. दिग्दर्शक यासुमी मात्सुनो याने इव्हालिस नावाचं राज्य रचलंय. पन्नास वर्षांचं युद्ध हरून ते थकलेलं आहे. राजा मेला, गादीवर तान्हं मूल, आणि कारभार कुणी करायचा यावरून दोन सरदार भांडतात. या भांडणात दोन मुलं सापडतात. रामझा हा मोठ्या सरदार घराण्यातला धाकटा, दुसऱ्या बाईपासून झालेला. डेलिटा हा त्याच घरात वाढलेला, आईबाप साथीत गेलेला सामान्य घरातला मुलगा. दोघं एकत्र शिकतात, एकत्र लढायला जातात. मग डेलिटाच्या बहिणीला बंडखोर सरदाराची मुलगी समजून पळवतात, आणि ती सरदाराची मुलगी नाही म्हटल्यावर तिच्यासाठी कुणी थांबत नाही. रामझाचाच सावत्र भाऊ बाण सोडायचा हुकूम देतो. (गेम अठ्ठावीस वर्षांचा आहे, तेव्हा हे सांगून टाकल्याबद्दल रागावू नये.)

शेवटी डेलिटा राजा होतो आणि इतिहासात थोर ठरतो. ज्याने खरं काम केलं त्या रामझावर धर्मद्रोहाचा शिक्का बसतो आणि त्याचं नाव पुसलं जातं. ज्याने हे सगळं लिहून ठेवलं, त्याला धर्मपीठ जाळून मारतं. आपल्याला ही गोष्ट सांगतो तो चारशे वर्षांनंतरचा एक अभ्यासक, त्याच लेखकाचा वंशज.

म्हणजे हा गेम लढायांचा कमी आणि बखरींचा जास्त आहे. ते लक्षात आलं आणि मला पाथरी आठवली.

*

पाथरीचं नाव आज बाहेर निघतं ते साईबाबांमुळे. जानेवारी २०२०मध्ये साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीसाठी निधीची घोषणा झाली आणि निषेध म्हणून शिर्डीत बंद पाळला गेला. तेव्हा मला गंमत वाटली होती. पाथरी कुणाचं जन्मस्थान, यावरून त्याच्या पाचशे वर्षं आधी खरोखरची फौज निघाली होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शाळेत निजामशाही एका परिच्छेदात संपायची आणि त्या परिच्छेदात आमचं गाव नव्हतं.

गोष्ट फिरिश्ता सांगतो. पाथरीचं वंशपरंपरागत कुलकर्णीपण असलेलं एक ब्राह्मण घराणं पुढे विजयनगरच्या मुलखात गेलं. बहमनी सुलतान अहमदशाह वली (कारकीर्द १४२२ ते १४३६) याच्या एका स्वारीत त्या घराण्यातला तिमा नावाचा मुलगा पकडला गेला. त्याला मुसलमान करून हसन नाव ठेवलं. मुलगा हुशार निघाला, म्हणून सुलतानाने त्याला आपल्या मुलाच्या सोबतीला दिलं. शहजाद्याबरोबर तोही फारसी शिकला. त्याच्या बापाचं नाव भैरव. शहजाद्याला ते नीट म्हणता येईना, त्याचं 'बहरी' झालं. असा तो मलिक हसन बहरी.

हे वाचताना माझ्यासमोर डेलिटाच होता. मोठ्या घरात, मोठ्या घरच्या मुलाची सोबत म्हणून वाढलेला.

हसन चढत गेला. बहमनी दरबारात तेव्हा दख्खनी आणि आफाकी, म्हणजे इथले आणि परदेशातून आलेले, असे दोन गट होते. हसन दख्खनींचा म्होरक्या, तर वजीर महमूद गावान आफाकी. गावानच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून त्यावर फितुरीचं खोटं पत्र लिहिलं गेलं आणि १४८१मध्ये सुलतानाने त्या म्हाताऱ्या वजिराचा शिरच्छेद करवला. या कटामागे हसन होता असं मानतात. पुढच्याच वर्षी सुलतान मेला, गादीवर बारा वर्षांचं पोर आलं आणि कारभार हसनच्या हाती गेला. १४८६मध्ये बिदरला त्याचा खून झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद १४९०मध्ये स्वतंत्र झाला. तीच अहमदनगरची निजामशाही.

आता पाथरी. हसनचा पणतू नव्हे, नातूच, पहिला बुऱ्हाण निजामशाह. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. (त्या इमादशाहीचा संस्थापकही विजयनगरकडून पकडून आणलेला मुलगाच.) बुऱ्हाणकडून वऱ्हाडला निरोप गेला, की पाथरी आमच्या पूर्वजांचं गाव आहे, ते आम्हाला द्या आणि बदल्यात जास्त उत्पन्नाचा परगणा घ्या. अलाउद्दीन इमादशाहाने नकार दिला आणि पाथरीचा कोट मजबूत करायला घेतला. मग १५१८मध्ये बुऱ्हाणची फौज वेरूळ-दौलताबादकडे हवापालटाला म्हणून निघाली आणि तिथून झपाट्याने वळून पाथरीवर आली. कोट पडला. पुढे इमादशाहाने गोवळकोंड्याची मदत घेऊन ती परत मिळवली, बुऱ्हाणने पुन्हा घेतली आणि कोट पाडून टाकला. भांडण वाढत वाढत गुजरातचा बहादुरशाह दख्खनमध्ये उतरला. फिरिश्ता म्हणतो, की बुऱ्हाणने पाथरी आपल्या ब्राह्मण नातलगांना देऊन टाकली.

मी ते वाचलं आणि थांबलो. बदल्यात जास्त उत्पन्नाचा परगणा. सोळाव्या शतकातली एक्सेल शीट ती. माझ्याकडे असती तर मीही बुऱ्हाणला म्हणालो असतो, की घाट्याचा व्यवहार आहे, करू नका.

*

आता ही गोष्ट खरी कशावरून? गेम खेळल्यामुळे मला हा प्रश्न पडला, एरवी पडला नसता.

फिरिश्ता लहानपणी अहमदनगरला आला, तिथे वाढला, निजामशाहाच्या चाकरीत राहिला. १५८९च्या सुमारास तो विजापूरला गेला आणि आदिलशाहाच्या आश्रयाने त्याने आपला इतिहास लिहिला. म्हणजे निजामशाहीच्या जन्माची ही गोष्ट तिच्या प्रतिस्पर्ध्याच्या दरबारात बसून लिहिलेली आहे. त्याच सुमारास अहमदनगरच्या दरबारात सय्यद अली तबातबा 'बुऱ्हान-ए-मआसिर' लिहीत होता. त्याच्या ग्रंथात मलिक अहमद हा हसनचा मुलगाच नाही. तो बहमनी सुलतानाचा मुलगा, राजरक्ताचा. हसनने त्याला फक्त वाढवलं.

डेलिटाच्या राज्यातही अधिकृत इतिहास असाच लिहिला गेला असणार. पकडून आणलेल्या मुलाचा नातू गादीवर बसला की गादीला शोभेल असा आजा शोधावा लागतो. फिरिश्त्यालाही विजापुरात बसून निजामशाहांना कुलकर्ण्यांचे वंशज म्हणण्यात आनंद झाला नसेल असं नाही. पण आजोबा नकोसा असणाऱ्या राजाने आजोबांच्या गावासाठी दोन-तीन राज्यांशी वैर का घेतलं असतं? पाथरी सरहद्दीवर होती, तिथून कुरबुरी चालायच्या, हे कारणही होतंच. तरी सरहद्दीचं गाव जिंकून कुणी कुलकर्ण्यांना परत देत नाही.

आणि दोन्ही ग्रंथांत नाही ती गोष्ट म्हणजे पाथरीतली बाकीची माणसं. दोनदा कोट पडला तेव्हा रानात कोण होतं, पेरणी झाली होती की नाही, हे कुणीच लिहिलेलं नाही. गेममध्येही डोक्यावर तीन, दोन, एक मोजले जाणारे भाड्याचे शिपाई शेवटच्या बखरीत येत नाहीत.

*

लक्ष्मीपूजनानंतरच्या दिवशी बाबा शेजारी येऊन बसले. "काय खेळायलास लेका इतकं?" मी डेलिटाची गोष्ट सांगितली. त्यांनी मन लावून ऐकली. बाबाही मालकांच्या मुलाबरोबर शाळेत जायचे, त्याला सोबत म्हणून. दहावीनंतर तो औरंगाबादला गेला आणि बाबा दोन वर्षं गोठ्यात राहिले, एसटीत लागेपर्यंत. हे मला माहीत होतं. त्यांनी ते तेव्हा काढलं नाही, फक्त विचारलं, "मग त्याला राज्य मिळालं. बरं वाटलं का त्याला?"

मी म्हणालो, नाही वाटलं.

मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "सातबारावर कुळाचं नाव लागतंय. गड्याचं नाई लागत."

हे कायद्याने बरोबर आहे. १९५०च्या हैदराबाद कुळकायद्याने मराठवाड्यात कुळांना संरक्षण मिळालं. सालगडी हा कूळ नव्हे, तो मजुरीवरचा माणूस. त्या रानाच्या कागदांत मालकाचं नाव आहे, पिकांची नावं आहेत, विहिरीची नोंद आहे. तीस वर्षं जो तिथे राबला त्याचं नाव कुठेच नाही. प्लॉट परभणीत घेतला तर बाबांचं नाव लागेल, पण भलत्याच कागदावर. माझ्या शीटमध्ये यासाठी रकाना नव्हता.

मी अजूनही म्हणतो, की व्यवहार घाट्याचा आहे. रानात पाणी साचतं, या वर्षीही साचलं. पण दिवाळीनंतर पुण्याला आल्यावर मी पैसे पाठवले. जानेवारीत खरेदीखत झालं. फेरफाराची नोंद तलाठ्याकडे लागायची आहे. बाबा दर दोन दिवसांनी ऑनलाइन सातबारा काढून बघतात आणि फोन करून सांगतात, की अजून जुनंच नाव दिसतंय.