घरच्या छपरावरची वीज : हिशेबाच्या आधीची कारणं



आजचा विषय जाहीर झाल्यापासून मला चार-पाच फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच : "सर, सोलर बसवलं तर पैसे किती वर्षांत वसूल होतात?" मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. इतका व्यवहारी प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला. (हशा)

उत्तर देणार आहे, टाळणार नाही. पण त्याआधी इतिहासातली एक गोष्ट ध्यानात घ्या. उन्हापासून वीज करणारा उपयोगी सेल तयार झाला १९५४ साली. तिथून पुढची निदान चाळीस वर्षं, दारात विजेचा खांब असलेल्या घरासाठी या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर 'वसूल होत नाहीत' असंच होतं. तरीही माणसं छपरावर पॅनेल बसवत राहिली. का? मला आज या 'का'विषयी बोलायचं आहे.

आपल्याकडे न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत 'प्रयोजन' हा एक आहे. ज्यासाठी माणूस कृतीला लागतो ते प्रयोजन. बाजारभाव हे एक प्रयोजन असू शकतं, पण ते एकमेव नव्हे. घरगुती सौर विजेचा इतिहास हा प्रयोजनं बदलत गेल्याचा इतिहास आहे, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात आपल्या मुंबईपासूनच करू. १८७८ साली मुंबईत एक पुस्तक छापलं गेलं. लेखक विल्यम अॅडम्स, मुंबई उच्च न्यायालयातले डेप्युटी रजिस्ट्रार. हा कोर्टातला माणूस कुलाब्याला साधे सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडायचा, त्यांचं ऊन एका बॉयलरवर पाडायचा आणि त्या वाफेवर सुमारे अडीच अश्वशक्तीचं इंजिन चालवायचा. ही वीज नव्हे, नुसती उष्णता. पण त्याचं कारण बघा. उष्ण प्रदेशात जळण महाग आणि ऊन फुकट, मग कोळसा लांबून का आणायचा? त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात ऑगस्तँ मूशो या गणिताच्या शिक्षकाने उन्हावर चक्क बर्फ करून दाखवला. कोळसा एक दिवस संपेल ही त्याची धास्ती होती. एक कारकुनी पेशातला, एक मास्तर. दोघांनाही बाजाराने साथ दिली नाही, कारण कोळसा स्वस्त होत गेला. प्रश्न मात्र त्यांनी बरोबर विचारला होता.

आता १९५४. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांनी सिलिकॉनचा सेल केला. पडलेल्या उन्हातला सहा टक्के भाग विजेत यायचा. वर्तमानपत्रांनी फार कौतुक केलं. पण याच चॅपिनसाहेबांनी दोन वर्षांनी हिशेब मांडला : एका सर्वसाधारण घराला पुरेल एवढी वीज अशा सेलमधून घ्यायची तर खर्च येईल १४ लाख ३० हजार डॉलर. आपल्याच शोधाबद्दल इतकं खरं बोलणारा माणूस विरळा. मग सेल गेले अवकाशात. १९५८ च्या व्हॅनगार्ड उपग्रहावर ते बसले, कारण तिथे दुसरी सोयच नव्हती.

पृथ्वीवर ते परत आले ते अशाच 'दुसरी सोय नाही' म्हणणाऱ्या ठिकाणी. १९७३ च्या सुमारास एलियट बर्मन यांच्या कंपनीने वॅटमागे १०० डॉलर असलेली किंमत २० डॉलरवर आणली. गिऱ्हाईक कोण, तर समुद्रातल्या तेलविहिरींवरचे इशाऱ्याचे दिवे. म्हणजे सौर विजेचे पहिले मोठे गिऱ्हाईक तेलवाले! इतिहासाला विनोदबुद्धी असते, ती अशी.

आणि मग आली घरं. उत्तर कॅलिफोर्नियातल्या डोंगराळ जंगलात सत्तरच्या दशकात शहर सोडून आलेली तरुण मंडळी राहायला लागली. खांब मैलोन् मैल लांब. मोटारीची बॅटरी घरात आणून त्यावर दिवा लावायचे. काही जण गांजाची शेती करायचे, त्यांना तर सरकारी तार दारात नकोच होती. (हशा) १९७८ साली विलिट्स या गावात जॉन शेफर यांनी अशा लोकांसाठी 'रिअल गुड्स' नावाचं दुकान काढलं आणि लवकरच तिथे सोलर पॅनेल मिळायला लागली. लोकांनी ती विकत घेतली, स्वतः छपरावर चढून बसवली, स्वतःच वायरिंग केलं. १९८७ पासून ऑरेगनमधलं पेरेझ दांपत्य 'होम पॉवर' हे मासिक काढू लागलं. वाचकच एकमेकांना शिकवायचे : बॅटरीत पाणी किती, वायर किती जाड.

ही पहिली पिढी. त्यांचं प्रयोजन होतं तारेशिवाय जगणं. काहींची ती गरज होती, काहींची हौस. एक गोष्ट त्यांना लवकर कळली, आणि ती मला फार मोलाची वाटते. वीज स्वतः करणाऱ्याला वीज म्हणजे काय ते समजतं. बॅटरी उतरायला लागली की हीटर बंद करावा लागतो, हे बिल भरून कधीच समजत नाही. बिल महिन्याने येतं, बॅटरी त्याच रात्री सांगते.

दुसरी पिढी तारेकडे परत वळली. १९७८ च्या अमेरिकन कायद्याने छोट्या उत्पादकाची वीज विकत घेणं वीज कंपन्यांना बंधनकारक केलं. १९७९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये स्टीव्हन स्ट्राँग या वास्तुरचनाकाराने इमारतीवरची पॅनेल थेट कंपनीच्या तारेला जोडली. जुना फिरत्या चकतीचा मीटर होता. घरातून वीज बाहेर जायला लागली की तो उलटा फिरायचा! आज ज्याला आपण नेट मीटरिंग म्हणतो त्याचं मूळ त्या उलट्या चकतीत आहे. १९८३ मध्ये मिनेसोटा राज्याने त्याचा कायदा केला. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाचे नेट मीटरिंगचे नियम आले २०१५ साली.

तिसऱ्या पिढीचं प्रयोजन आणखी वेगळं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात झुरिकच्या मार्कुस रेआल या अभियंत्याने एक मेगावॅटचं मोठं केंद्र बांधण्याऐवजी ३३३ घरमालक शोधले, प्रत्येकाच्या छपरावर ३ किलोवॅट. त्याचा मुद्दा सरळ होता. केंद्राला जागा लागते, तारा लागतात. छप्पर तर आधीच बांधलेलं आहे.

आणि जर्मनीतलं शोनाऊ. ब्लॅक फॉरेस्टमधलं, अडीच हजार वस्तीचं गाव. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. तिथली राख पावसातून इथल्या अंगणात पडली. मुलांना बाहेर खेळू द्यायचं की नाही, या प्रश्नातून उर्सुला आणि मिषाएल झ्लाडेक या दांपत्याने गावातल्या पालकांना एकत्र केलं. आपण वापरतो ती वीज कुठून येते, याची जबाबदारी आपली नाही का? वीज वाचवण्यापासून सुरुवात झाली. दोनदा सार्वमत झालं, वर्गणी गोळा झाली आणि १९९७ साली गावाने आपल्या गावातल्या विजेच्या तारांचं जाळंच विकत घेतलं. इथे वसुलीचा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पुढे २००० साली जर्मनीने कायदा केला : छपरावरची वीज तारेत सोडणाऱ्याला वीस वर्षं ठरलेला दर. मागणी वाढली, कारखाने निघाले, आधी जर्मनीत आणि जपानमध्ये, मग प्रचंड प्रमाणात चीनमध्ये. किमती कोसळल्या. म्हणजे क्रम लक्षात घ्या. स्वस्त झालं म्हणून लोकांनी घेतलं, हे अर्धंच खरं. आधी महाग असताना काही लोकांनी घेतलं, म्हणून ते स्वस्त झालं. आज आपण जो हिशेब करतो, तो हिशेब न करणाऱ्यांनी शक्य करून ठेवलेला आहे.

आता माझी गोष्ट. साताऱ्याच्या आमच्या घरावर मी ३ किलोवॅटची पॅनेल बसवली. फार अभिमान वाटला. कुणाचे मिंधे नाही, असं चारचौघांत सांगितलंसुद्धा. आणि एप्रिलमधल्या एका दुपारी दोन वाजता वीज गेली. आमचीही गेली! सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, बाहेर एवढं ऊन रणरणतंय, आणि आपला पंखा का बंद?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांनी बसवून दिलं त्यांनी कागदावर कुठेतरी लिहिलं असेल, मी वाचलं नव्हतं. तत्त्वज्ञ माणूस, वाचतो खूप, पण हवं ते नाही. (हशा)

संध्याकाळी वायरिंग करणारा मुलगा आला. त्याने शांतपणे सांगितलं, "सर, लाइन गेली की तुमचा इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो. नाहीतर तुमची वीज उलटी खांबावर जाईल. तिथे वायरमन काम करत असतो."

मित्रहो, मी काही क्षण गप्प बसलो. चाळीस वर्षं मी वर्गात कांट शिकवला. स्वायत्तता म्हणजे मनाला येईल ते करणं नव्हे, तर स्वतः मान्य केलेल्या नियमाने वागणं, हे मुलांना सांगत आलो. आणि तीच गोष्ट माझ्या भिंतीवरचा एक डबा पाळत होता. अनोळखी वायरमनचा जीव वाचावा म्हणून माझं घर अंधारात जात होतं. अभियंते याला 'अँटी-आयलँडिंग' म्हणतात, म्हणजे घराने बेट होऊ नये अशी व्यवस्था. अमेरिकेत नव्वदच्या दशकात काही हौशी मंडळी परवानगी न घेता गुपचूप आपली पॅनेल तारेला जोडायची, त्याला 'गनिमी सोलर' म्हणायचे. त्यांच्यावरचा कंपन्यांचा मुख्य आक्षेप हाच होता : आमच्या लाइनमनचं काय? आक्षेपात धंद्याचा स्वार्थ असेलही, पण प्रश्न खोटा नव्हता. वीज गेल्यावरही घर चालू हवं असेल तर बॅटरी आणि त्याला योग्य इन्व्हर्टर लागतो, जो आधी स्वतःला तारेपासून तोडतो. हे बसवण्यापूर्वी विचारून घ्या. माझ्यासारखं नंतर नको.

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो मी लपवणार नाही. ज्याला छप्पर आहे त्याने बसवलं. ज्याला नाही त्याचं काय? पाकिस्तानात २०२४ या एका वर्षात सुमारे १७ गिगावॅटची पॅनेल आयात झाली. महाग आणि बेभरवशाच्या विजेला कंटाळून, ज्यांना परवडलं ते बाजूला झाले. पण वीज केंद्रांचे करार आणि तारांचा खर्च तसाच राहिला, आणि तो उरलेल्यांच्या बिलावर, म्हणजे भाडेकरूंवर, गरिबांवर पडू लागला. आपल्याकडेही नेट मीटरिंगवरून वीज कंपन्या आणि ग्राहक भांडतात, त्यामागे हाच प्रश्न आहे. रात्री मी तीच तार वापरतो. ती टिकवण्याचा माझा वाटा मी द्यायला हवा, असं मला वाटतं. काही जणांना हे पटणार नाही, प्रश्नोत्तरांत भांडू.

आता वसुली. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, आणि आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, पावसाळ्यात बरीच कमी. ३ किलोवॅटला आज दीड ते दोन लाखांच्या आसपास खर्च येतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत त्यावर ७८ हजार अनुदान आहे. ज्यांचा वापर भरपूर आहे त्यांचे पैसे चार-सहा वर्षांत सुटतात. महिन्याला शंभर युनिटच्या आत वापर असेल तर दर मुळातच कमी आहे, घाई करू नका. पॅनेल पंचवीस वर्षं चालतात, इन्व्हर्टर मध्ये एकदा बदलावा लागेल, तो खर्च धरा. समोर आंब्याचं झाड असेल तर आंबा ठेवा, सोलर राहू द्या.

झालं उत्तर. पण मला विचाराल तर मी दुसरी कारणं सांगेन. दिवसभरात किती ऊन पडलं आणि आपण किती वापरलं, हे आता आमच्या घरात नातवालाही ठाऊक आहे. आमच्या बटणामागे कुठेतरी कोळसा जळतो, कुठेतरी कुणाची जमीन पाण्याखाली गेली. मुळशीचा सत्याग्रह होऊन शंभर वर्षं उलटली, ते आपण मराठी माणसांनी तरी विसरू नये. त्या ओझ्यातला थोडा भाग आपल्या डोक्यावर, म्हणजे शब्दशः डोक्यावरच्या छपरावर घेणं, हे मला पुरेसं कारण वाटतं.

आणि आता दुपारी वीज गेली की आम्ही चिडत नाही. सौभाग्यवती म्हणतात, "वायरमन चढला असेल." खिडक्या उघडतो आणि तो उतरेपर्यंत वाट बघतो.