दुःखाची भाषा

१९९३ सालच्या ३० सप्टेंबरास पहांटे, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असतां, किल्लारीची भूमि हादरली आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारों जीव दगडमातीच्या भिंतींखालीं गाडले गेले. पुढें घरें उभीं राहिलीं. खचलेलीं मनें कोणीं सावरावीं, हा प्रश्न मात्र उरला.

त्याचें एक उत्तर २०२२ च्या १० ऑक्टोबरास मिळालें. त्या दिवशीं सुरू झालेल्या सरकारी ‘टेली-मानस’ सेवेमुळें लातूर-नांदेडच्या माणसास १४४१६ हा क्रमांक फिरवून मराठींत समुपदेशन मिळूं शकतें. परंतु मराठी शब्द मिळाला म्हणजे मराठी मन उलगडलें, असें आम्हांस वाटत नाहीं. ‘नैराश्य’ हा ग्रंथांतला शब्द. आमचा शेतकरी ‘जिवाला करमत नाहीं’ एवढेंच म्हणतो. न्यूझीलंडांत निर्मिलेला ‘स्पार्क्स’ हा मनोपचाराचा संगणकीय खेळ कॅनडांत नेला, तेव्हां नुनावुटच्या इन्यूइट तरुणांच्याच साह्यानें तो त्यांच्या लोकरीतीस जुळवून घेण्यांत आला. आम्हांसही हाच मार्ग धरला पाहिजे. आमच्या बायकांनीं पिढ्यान्‌पिढ्या आपलें दुःख जात्यापाशीं ओव्यांत सांगितलें. तें बोलणें ज्यास कळेल, त्यासच यंत्राच्या दुसऱ्या टोकास बसवावें.